मुठीतला ब्रेक

इलेक्ट्रिक स्केटबोर्डला पायाने दाबायचा ब्रेक नसतो आणि बोटांनी ओढायचा दांडाही नसतो. सायकलच्या ब्रेकची तार तुटली तर ती निदान लोंबकळताना दिसते, मोटारीच्या ब्रेकचे तेल गळले तर पार्किंगच्या फरशीवर डाग पडतो. इथे मात्र थांबण्याची आज्ञा हातातील रिमोटमधून निघते, हवेतून पायाखालच्या डब्यापर्यंत जाते आणि मग मोटर चाकांना आवरते. हा रिमोट ज्या सेलवर चालतो तो अंगठ्याच्या पेराहून फारसा मोठा नसतो. बोर्ड वापरणारी आम्ही मंडळी एकत्र जमलो की मोठ्या बॅटरीवर तासभर बोलतो, तिचा पल्ला, तिचे वजन, तिचे आयुष्य यांवर वाद घालतो. रिमोटच्या सेलविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. रिमोट चार्ज करणे हे मोबाइल चार्ज करण्याच्या जातीचे काम नसून ब्रेक तपासण्याच्या जातीचे काम आहे, असे माझे मत आहे, आणि ते नीट मांडायचे तर थोडे खोलात शिरावे लागेल.

मी राहतो त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, ज्याला सगळे बे एरिया म्हणतात, हे वाहन आता नवलाचे राहिलेले नाही. रेल्वे स्टेशन ते ऑफिस हा चालायला लांब आणि गाडीला जवळ असा जो मधला टप्पा असतो, त्यासाठी अनेक जण बोर्ड वापरतात. कॅलिफोर्नियाने २०१६ च्या १ जानेवारीपासून याला कायद्याची चौकट दिली: चालवणारा किमान १६ वर्षांचा हवा, डोक्यावर हेल्मेट हवे, मोटरची सरासरी शक्ती १००० वॅटपेक्षा कमी हवी, आणि रस्त्यावर ताशी १५ मैलांहून, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरांहून, जास्त वेगाने जाता येणार नाही. ताशी २४ किलोमीटर हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. पण या वेगाने माणूस एका सेकंदात साडेसहा मीटरांहून अधिक अंतर कापतो, आणि त्या सेकंदात रिमोट मुका झाला तर ते अंतर त्याला ब्रेकशिवाय कापावे लागते.

मोठ्या बॅटरीची भीती लोकांच्या मनात कुठून आली हे समजण्यासारखे आहे. २०१५ च्या सुमारास हॉवरबोर्ड नावाची दुचाकी खेळणी घराघरांत पोचली आणि त्यांतील काहींनी पेट घेतला. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत सुमारे पाच लाख हॉवरबोर्ड परत मागवले गेले, आणि त्याच वर्षी अशा वाहनांच्या विद्युत व्यवस्थेसाठी ‘यूएल २२७२’ हे सुरक्षा-मानक आले. त्यानंतर बोर्ड घेताना लोक हा शिक्का शोधू लागले, ते योग्यच झाले. मात्र ज्या धोक्याला आग लागत नाही आणि धूर येत नाही, तो धोका या सगळ्या चर्चेत मागे पडला. मध्यम आकाराच्या बोर्डमध्ये साधारण २०० वॅट-अवरची बॅटरी असते, रिमोटमधला ३.७ व्होल्टचा, ५०० मिलिअँपिअर-अवरचा सेल दोन वॅट-अवरसुद्धा भरत नाही. ऊर्जेच्या हिशेबाने तो शंभरावा हिस्सा आहे, पण थांबण्याच्या हिशेबाने सगळा भार त्याच्यावर आहे.

आज्ञा कशी जाते ते थोडक्यात सांगतो. अंगठ्याने फिरवायच्या चाकात एक लहान चुंबक बसवलेला असतो आणि त्याच्यासमोर हॉल सेन्सर असतो. चुंबक हलला की सेन्सरमधला व्होल्टेज बदलतो. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ मध्ये शोधला, म्हणजे इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्याही आधी. रिमोटमधली चिप हा व्होल्टेज मोजते, त्याचा आकडा करते आणि २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवरून सेकंदाला अनेक वेळा बोर्डकडे पाठवत राहते. बोर्डमधला रिसीव्हर तो आकडा मोटर-कंट्रोलरला देतो. ब्रेक हवा असेल तर कंट्रोलर मोटरलाच जनरेटर बनवतो आणि चाकांची गती वीज होऊन मोठ्या बॅटरीत परत जाते. यातला कोणताही दुवा तुटला तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवावे लागते, आणि इथे कंट्रोलर बनवणाऱ्यांची खरी कोंडी होते. संपर्क तुटताच जोरात ब्रेक लावला तर उभा माणूस तोंडावर आपटेल. काहीच केले नाही तर उतारावर बोर्ड वेग घेत जाईल. बेंजामिन वेडर या स्वीडिश अभियंत्याने बनवलेल्या आणि सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या ‘व्हेस्क’ या कंट्रोलरमध्ये संपर्क तुटल्यावर किती मिलिसेकंद थांबायचे आणि त्यानंतर मोटर मोकळी सोडायची की तिला ब्रेकचा थोडा प्रवाह द्यायचा, हे वापरणाऱ्यालाच ठरवता येते. तयार बोर्डमध्ये हा निर्णय कंपनीने घेतलेला असतो, आणि तो काय आहे हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले नसेल तर सपाट, मोकळ्या जागेत अगदी हळू चालताना रिमोट बंद करून पाहावा. मी तर म्हणेन की नव्या बोर्डवर करायची ही पहिली गोष्ट आहे.

रिमोट अचानक मरण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे सेल संपणे, आणि ‘अचानक’ हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो. तिथून तो थोडा लवकर खाली येतो, मग ३.९ ते ३.६ या पट्ट्यात दीर्घकाळ रेंगाळतो आणि ३.५ च्या खाली गेला की भराभर कोसळतो. पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या माणसाला लोणावळ्यापर्यंत आपण उंचावर आहोत याची जाणीवही होत नाही आणि खंडाळ्यानंतर जमीन एकदम पायाखालून निघून जाते, तसा हा आलेख आहे. रिमोटवरचे चार दिवे किंवा पडद्यावरच्या चार रेघा बहुधा केवळ व्होल्टेज पाहून पेटवल्या जातात. त्यामुळे चारांवरून तीन, तीनांवरून दोन व्हायला जितका वेळ लागला तितकाच वेळ शेवटच्या रेघेलाही लागेल, हा समज मोडीत काढायला हवा. शेवटची रेघ उरली असताना घरून निघणे म्हणजे घाटाच्या तोंडाशी उभे राहून अजून पठार आहे असे समजणे होय. थंडीत तर हे आणखी बिघडते, कारण सेलचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज ओझ्याखाली दबतो आणि उबदार घरात दोन रेघा दाखवणारा रिमोट बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत एकावर येतो.

म्हणून माझा नियम असा, की बोर्ड चार्जिंगला लागला की रिमोटही लागतो, त्यात किती शिल्लक आहे हे न पाहता. लिथियम सेलला निकेल-कॅडमियमसारखा पूर्ण रिकामा करून भरण्याचा सोस नसतो. उलट तो अर्ध्यावर असतानाच पुन्हा भरला तर त्याचे आयुष्य वाढते. बॅटरी आधी पूर्ण उतरवावी आणि मगच चार्ज करावी, हा आपल्याकडच्या जुन्या कॉर्डलेस फोनच्या काळातला सल्ला अजूनही घरोघरी दिला जातो. त्या बॅटऱ्या वेगळ्या होत्या.

चार्जर कोणता लावावा, यावर माझे आणि पुण्यातल्या भाच्याचे बरेच बोलणे झालेले आहे. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे आणि त्याने मित्रांच्या मदतीने स्वतःचा बोर्ड जुळवला, त्याचा रिमोटही घरीच बनवला. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत ज्याने कधी सुटे भाग शोधले आहेत, त्याला त्या गल्लीचे वेड सांगायला नको. तिथून त्याने ३.७ व्होल्टचा चपटा सेल आणला आणि त्यासोबत चार्जिंगचे नखाएवढे तयार सर्किट आणले. एके रात्री त्याचा फोन आला. “मामा, केबल गेलीये का बघ ना. लॅपटॉपच्या चार्जरला लावला की दिवाच लागत नाही, आणि आईच्या जुन्या मोबाइलच्या चार्जरला लावला की लागतो.”

केबल गेलेली नव्हती. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये चार्जर आधी समोर कोणी आहे का ते पाहतो. समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचे दोन रोध (रेझिस्टर) ठरावीक पिनांवर असले तरच तो वीज सोडतो. स्वस्त सर्किटांमध्ये, आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या काही तयार रिमोटमध्येही, पैसे वाचवण्यासाठी हे दोन रोध बसवलेलेच नसतात. मग नवा, महागडा चार्जर समोर कोणीच नाही असे समजून गप्प बसतो, आणि जुना, चौकोनी सॉकेटचा चार्जर, ज्याला ही चौकशी करताच येत नाही, तो सरळ पाच व्होल्ट देऊन मोकळा होतो. तेव्हा रिमोट चार्ज होत नाही असे वाटले, तर तो दुरुस्तीला देण्याआधी एका टोकाला जुना चौकोनी प्लग असलेली केबल लावून पाहावी.

मोठ्या क्षमतेचा चार्जर लावला तर रिमोट जळेल का, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. चांगल्या बनावटीचा वेगवान चार्जर सुरुवातीला पाच व्होल्टच देतो आणि उपकरणाने मागितल्याशिवाय तो वाढवत नाही. रिमोटला मागण्याची भाषाच येत नाही. सेलमध्ये किती प्रवाह जावा हे चार्जर ठरवत नाही, तर रिमोटच्या आतली चार्जिंग-चिप ठरवते. त्यामुळे ६५ वॅटचा चार्जर लावल्याने रिमोट लवकर भरणार नाही आणि तत्त्वतः बिघडणारही नाही. तरीही उत्पादकाने वेगवान चार्जर वापरू नका असे लिहिले असेल तर ते ऐकावे, कारण त्याने आत काय बसवले आहे हे त्यालाच ठाऊक असते. माझी स्वतःची पसंती लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टला आहे. खरी भीती वाटावी तर ती निनावी, हलक्या अ‍ॅडॉप्टरची वाटावी, ज्याच्या आत २३० व्होल्ट आणि पाच व्होल्ट यांच्यामध्ये जेमतेम अंतर राखलेले असते. भारतात अ‍ॅडॉप्टर घेताना त्यावर बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे, चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, एवढे पाहायला दहा सेकंद लागतात.

भाच्याच्या रिमोटची कथा मात्र केबलपाशी संपली नाही. केबल बदलली, दिवा लागला, आणि दोन दिवसांनी त्याने सांगितले की चार्जिंगच्या वेळी सेल हाताला गरम लागतो. चिप गरम होणे समजण्यासारखे आहे, कारण ‘टीपी४०५६’सारख्या साध्या चिपमध्ये पाच व्होल्ट आणि सेलचा व्होल्टेज यांच्यातला फरक उष्णता होऊनच बाहेर पडतो. सेल गरम होणे ही वेगळी गोष्ट आहे. मी त्याला सेलवर छापलेला आकडा वाचायला सांगितला. तो होता ६०२०३०, म्हणजे सहा मिलिमीटर जाड, वीस मिलिमीटर रुंद, तीस मिलिमीटर लांब. एवढ्या आकाराच्या सेलची क्षमता साधारण ३०० मिलिअँपिअर-अवर असते. आणि त्याने आणलेल्या सर्किटवर प्रवाह ठरवणारा जो रोध होता, त्यावर १२२ असे लिहिले होते, म्हणजे १.२ किलोओहम, म्हणजे पूर्ण एक अँपिअर. जो सेल तीनशे मिलिअँपिअरवर सावकाश भरायला हवा, त्यात तिप्पट प्रवाह घुसवला जात होता. त्याने तो रोध उखडून पाच किलोओहमचा बसवला, प्रवाह अडीचशे मिलिअँपिअरवर आला, चार्जिंगला आता अर्ध्या तासाऐवजी दीड तास लागतो आणि सेल थंड राहतो. तयार रिमोट वापरणाऱ्याला हे रोध बदलण्याचे कारण नाही. पण चार्जिंगच्या वेळी रिमोटच्या पाठीवर बोट ठेवून पाहण्याचे कारण त्यालाही आहे. कोमट चालेल. गरम चालणार नाही.

त्याच सर्किटमुळे आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली, जी पुस्तिकांमध्ये कारण न देता एका ओळीत उरकलेली असते: चार्जिंगच्या वेळी रिमोट बंद ठेवा. सेल ४.२ व्होल्टवर पोचल्यावर चिप व्होल्टेज तिथेच धरून ठेवते आणि आत जाणारा प्रवाह हळूहळू घटू देते. तो ठरवलेल्या प्रवाहाच्या दहाव्या हिश्श्यावर आला की सेल भरला असे समजून ती थांबते. अडीचशेचा दहावा हिस्सा पंचवीस मिलिअँपिअर. आता रिमोट चालू असेल आणि त्याचे सर्किट स्वतःच तीस मिलिअँपिअर खात असेल, तर चिपला प्रवाह कधीच पंचविसाखाली गेलेला दिसत नाही. ती बिचारी रात्रभर सेलला ४.२ व्होल्टवर ताणून धरते, हिरवा दिवा लागत नाही, आणि आपण चार्जरला दोष देतो. महागड्या रिमोटमध्ये सेलचा आणि सर्किटचा मार्ग वेगळा करणारी व्यवस्था असते, पण आपल्या रिमोटमध्ये ती आहे की नाही हे शोधत बसण्यापेक्षा बटण दाबून तो बंद करणे सोपे.

चार्जिंग कुठे करावे याचे उत्तर तापमानात आहे. शून्य ते ४५ अंश सेल्सिअस ही लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची सर्वमान्य मर्यादा आहे. शून्याखाली चार्ज केल्यास लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते, क्षमता कायमची घटते आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता वाढते. इथून बर्फाळ डोंगरांतल्या लेक टाहो या सरोवराकडे हिवाळ्यात जाणाऱ्यांनी गाडीत रात्रभर राहिलेला रिमोट सकाळी लगेच चार्जरला लावू नये. तासभर खोलीत राहू द्यावा. दुसऱ्या टोकाला पुण्या-नागपूरचा मे महिना आहे. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान सहज साठ अंशांच्या पुढे जाते, आणि नेमके तिथेच, चार्जिंगच्या सॉकेटजवळ, रिमोट ठेवण्याचा मोह होतो. उशीखाली, गादीवर किंवा सोफ्याच्या फटीत चार्जिंगला लावणे तर कोणत्याच ऋतूत नको. ओट्याचा रिकामा कडप्पा उत्तम.

पावसाळा आणि समुद्र यांविषयी मुंबई, गोवा आणि कोकणपट्टीच्या वाचकांना मी काय सांगणार. त्यांच्या घरातल्या प्रत्येक सॉकेटवर चढणारी हिरवट बुरशी त्यांनी पाहिलेली आहे. रिमोटच्या चार्जिंगच्या तोंडाशी हेच होते, फक्त पावसाच्या जोडीला तळहाताचा घामही असतो आणि घामात मीठ असते. त्या तोंडावरचे रबराचे झाकण तुटले की लोक ते नसल्यातच जमा धरतात. खरे तर ते मिळेल तितक्या लवकर पुन्हा बसवावे. आत खिशातला दोरा-कचरा साचतो, प्लग पूर्ण आत जात नाही आणि चार्जिंग अधूनमधून तुटते. तो लाकडी टूथपिकने काढावा, टाचणीने नाही, कारण टाचणी दोन पिनांना जोडू शकते. काळवंडलेल्या पिनांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका हात फिरवून ते पूर्ण उडून जाऊ द्यावे. भिजलेला रिमोट चार्जिंगला लावू नये, एवढे पथ्य पाळावे आणि त्याला तांदळाच्या डब्यात पुरू नये. तांदूळ ओल फारशी शोषत नाही, उलट त्याचे पीठ सॉकेटात बसते. पंख्याखाली दोन दिवस ठेवणे अधिक कामाचे. जुन्या रिमोटमधले मायक्रो-यूएसबीचे सॉकेट तर बाजूने पडणाऱ्या ताणाला फार नाजूक असते. केबल ओढून काढण्यापेक्षा प्लग धरून सरळ काढावा.

इथपर्यंत विजेचे झाले, पण ब्रेक केवळ विजेवर अवलंबून नाही. अंगठ्याचे चाक सोडल्यावर ते मधल्या स्थितीत परत आणणारी एक बारीक स्प्रिंग आत असते. ती थकली किंवा चाकाभोवती धूळ जमली की चाक मध्यापासून किंचित पुढे राहते आणि आपण काहीच मागत नसताना बोर्ड सरकू लागतो. निघण्यापूर्वी चाक पुढे ढकलून सोडावे, मागे ओढून सोडावे, आणि ते दोन्ही वेळा टचकन मध्यावर येते का ते पाहावे. बोर्ड एका हाताने उचलून, चाके हवेत ठेवून ब्रेकही एकदा तपासावा. या सगळ्याला अर्धे मिनिट लागते. स्वस्त रिमोटमध्ये हॉल सेन्सरऐवजी घासत फिरणारा बदलता रोध, म्हणजे पोटेन्शिओमीटर, असतो, तो वापराने झिजतो आणि मग वेग थरथरू लागतो. त्यावर साफसफाई हा तात्पुरता उपाय आहे, भाग बदलणे हाच खरा. मनगटाचा पट्टा हा शोभेचा नाही, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. आणि रेडिओवरची विमाने उडवणाऱ्यांची एक जुनी शिस्त आहे, आधी हातातले यंत्र चालू करावे आणि मग उडणारे, बंद करताना याच्या उलट. ती इथेही लावल्याने काही बिघडत नाही.

रिमोट पूर्ण भरलेला असूनही ब्रेक मिळत नाही, असाही एक प्रसंग असतो. मोठी बॅटरी शंभर टक्के भरून घराबाहेर पडताच लांब उतार लागला, तर ब्रेकमधून निर्माण होणारी वीज साठवायला जागाच नसते, आणि कंट्रोलर किंवा बॅटरीचे संरक्षण-सर्किट ब्रेक कमी करते किंवा तोडते. टेकडीवर राहणाऱ्याने बोर्ड नव्वद टक्क्यांवरच चार्जरवरून काढावा. रिमोटला मात्र ही मर्यादा नाही, तो निघताना भरलेला असणेच चांगले.

लांबच्या रजेवर जाताना याच्या उलट वागावे लागते. महिना-दोन महिने वापर होणार नसेल तर सेल ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवून, बंद करून, थंड आणि कोरड्या जागी ठेवावा, आणि अधूनमधून पाहावा. बंद असलेला रिमोटसुद्धा थोडाफार प्रवाह खात राहतो. सेल पार उतरून दोन व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला तर त्यातला तांब्याचा पातळ पत्रा द्रावणात विरघळू लागतो, आणि नंतर चार्ज करताना ते तांबे नको तिथे पुन्हा जमा होऊन आत शॉर्ट करू शकते. म्हणून काही महिने पडून राहिलेला, पूर्ण मेलेला सेल दुसऱ्या बॅटरीच्या वायरा जोडून जागा करण्याची जी युक्ती सांगितली जाते, ती मी कोणाला सुचवणार नाही. काही रुपयांच्या सेलसाठी ब्रेक पणाला लावण्यात काय शहाणपण आहे?

सेल बदलणे तसे कठीण नाही, फक्त दोन ठिकाणी सावध राहावे लागते. पहिले म्हणजे सेलच्या टोकाला जे पांढरे छोटे कनेक्टर असते, त्यात लाल वायर डावीकडे असावी की उजवीकडे याचा सर्वमान्य नियम नाही. दोन कारखान्यांचे सेल एकाच सॉकेटात बरोबर बसतात आणि एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाच्या जागी येते. मल्टिमीटर लावून ध्रुव तपासल्याशिवाय नवा सेल जोडू नये. दुसरे म्हणजे सेलच्या तोंडाशी पिवळ्या टेपखाली संरक्षणाचे बारीक सर्किट आहे का ते पाहावे. ते नसलेला सेल स्वस्त मिळतो आणि मिळतो म्हणून घेऊ नये. जुना सेल फुगलेला असेल, रिमोटचे कवच सांध्यावर उचकटल्यासारखे दिसत असेल, तर तो त्या क्षणापासून चार्ज करायचा नाही, दाबायचा नाही आणि टोचायचा तर मुळीच नाही. कॅलिफोर्नियात बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकायला २००६ पासून बंदी आहे, आणि घरगुती घातक कचऱ्याच्या केंद्रावर त्या दिल्या जातात. भारतातही २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. प्रत्यक्षात पुण्यातला भाचा आपले जुने सेल टोकांना चिकटपट्टी लावून बरणीत जमवतो आणि ई-कचरा गोळा करणारे सोसायटीत आले की देतो, आणि ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादलीपेक्षा ते कितीतरी बरे.

गेल्या भेटीत मी त्याच्यासाठी इथून दोन चांगले सेल नेले. सुटे लिथियम सेल विमानात सामानाच्या पोटात ठेवता येत नाहीत, टोके झाकून हातातल्या बॅगेतच न्यावे लागतात. शंभर वॅट-अवरपर्यंत अडचण येत नाही, आणि हे तर एक-दीड वॅट-अवरचे. बोर्ड नेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण १६० वॅट-अवरहून मोठी बॅटरी, व्हीलचेअरसारखे अपवाद वगळता, प्रवाशाला नेताच येत नाही.

तयार बोर्ड घेणाऱ्यांना माझा आग्रह राहील की कंपनी चालू आहे तोवर एक जादा रिमोट घेऊन ठेवावा. याच बे एरियात २०१२ मध्ये लोकांकडून पैसे उभारून पुढे आलेल्या ‘बूस्टेड’ने हे वाहन घराघरांत माहीत करून दिले आणि २०२० मध्ये ती कंपनी बंद पडली. बोर्ड धडधाकट राहिले, चाके आणि ती फिरवणारे पट्टे दुसरीकडून मिळत राहिले, पण रिमोट त्याच बोर्डशी जोडी जमवणारा लागतो, आणि तो जुन्या बाजारात शोधण्याची वेळ लोकांवर आली. सेल बदलता येईल असे कवच असते तर निम्मे रिमोट वाचले असते, असे मला वाटते. पण बहुतेक कंपन्या दोन अर्धे चिकटवून किंवा वितळवून जोडतात, आणि उघडताना सांधा तुटतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक उपकरणांमधली लहान बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. एकाच साच्यातून युरोपसाठी स्क्रूचे आणि उरलेल्या जगासाठी चिकटवलेले असे दोन प्रकार काढणे कारखान्यांना परवडेल असे वाटत नाही. त्यामुळे तेव्हा पुढचा रिमोट घ्यायची वेळ आली, तर मी पडद्याचा रंग आणि कंपनाचे प्रकार यांच्याआधी त्याच्या पाठीवर स्क्रू आहेत का ते पाहीन.